डुगडुगतं टेबल

५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पार्सल मिळालं. टॉवेल हिरवा, साबण हिरवा, ब्रशसुद्धा हिरवा. दवाखान्याच्या भिंतीला असतो ना, तो हिरवा. मुद्दाम शोधून आणलास की दुकानदाराने गिऱ्हाईक बघून माथी मारला?

आत चिठ्ठी होती. 'पत्र लिही. फोन नको. फोनवर तू फार छान बोलतोस.' वा! सख्ख्या बहिणीने भावाला याहून मोठं प्रशस्तिपत्र काय द्यावं? ठीक आहे, लिहितो. फक्त अक्षराकडे बघू नकोस. मला दिलेलं टेबल डुगडुगतं. एका पायाखाली कागदाची घडी घातली तर दुसरा पाय वर येतो. इथली प्रत्येक वस्तू अशीच आहे, माणसांसकट.

पूर्वी इथे मोज्यांचा कारखाना होता. भिंतींवर अजून मोजे वाळवायचे खिळे आहेत, त्यांच्यावर आता आमचे शर्ट लटकतात. 'व्यसनमुक्ती केंद्र म्हणू नका, घर म्हणा,' असं आल्या आल्या बजावलं गेलं. बजावणारे इथले प्रमुख. आम्ही त्यांना हेडमास्तर म्हणतो. स्वतः एकेकाळी गटारात झोपायचे. लोक परदेशवारीच्या गोष्टी सांगतात ना, तशा थाटात ते त्या गटाराच्या गोष्टी सांगतात. रोज ऐकाव्या लागतात. गटार पाठ झालंय मला.

सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं. ज्यांच्या पोटात कसलीच गोळी जात नाही त्यांना हाताच्या खुर्च्या. माझ्यासारखे, डोक्याच्या डॉक्टरची गोळी खाणारे, त्यांना भिंतीजवळचं बाकडं. हेडमास्तरांचं मत असं की बाटलीतून आली काय नि पाकिटातून आली काय, नशा ती नशाच, आणि बाकड्यावरची माणसं अजून अर्धीच सुटलेली आहेत. स्वतः मात्र जेवायच्या आधी साखरेच्या आजाराची गोळी घेतात आणि जेवल्यावर पित्ताचं गुलाबी औषध ढोसतात. ते औषध, आणि आमची ती नशा! मी विचारलं, तर म्हणाले, "ते शरीराचं आहे हो. तुमचं मनाचं. मन घट्ट करायचं असतं." झाकण लावायला मन म्हणजे काय बरणी आहे?

बाकड्यावर माझ्या शेजारी एक म्हातारा बस कंडक्टर बसतो. गर्दीत त्याची छाती धडधडायची म्हणून तो आधी पिऊ लागला आणि मग कंडक्टर असूनही बसमध्ये चढेना. आता धडधडीची गोळी घेतो. वरच्या जबड्यात फक्त दोन दात, तेही एकमेकांशी बोलणं टाकल्यासारखे दोन टोकांना. मी विचारलं, खुर्ची नको का? तर म्हणाला, "मला कशाला खुर्ची? मी जन्मभर उभ्यानेच तिकिटं फाडली." या घरात शहाणा म्हणावा असा हा एकच माणूस, आणि तोही बोलताना थुंकी उडवतो.

मी घरी कधी यायचं ते कळव. सरळ कळव, चिठ्ठ्या-चपाट्यांत नको.

तुझा धाकटा


२० फेब्रुवारी

ताई,

तुझ्या अटी मिळाल्या. छान आखून-बिखून पाठवल्यास. दारू बंद. गोळ्या चालू. इथून नीट निघालो की कामावर घेशील, पण माझ्या जागेवर नाही. आधी प्लास्टरच्या खोलीत.

प्लास्टरच्या खोलीत! अगं, बाबांनी कवळ्यांचं दुकान काढलं तेव्हापासून त्या खोलीत कोण बसलं? ज्याला दुसरं काही जमत नाही तो. भांड्यात भुकटी टाका, पाणी ओता, ढवळा, साच्यात भरा. मी काय गवंडी आहे? मेणात दात बसवणारा हात आहे माझा. गावभरचे दातांचे डॉक्टर 'त्याच्याकडूनच करून द्या' म्हणायचे, ते तू विसरलीस. कवळी घातलेल्या माणसाच्या बायकोलासुद्धा पत्ता लागायचा नाही, असे दात मी बसवलेत.

आणि खिडकीजवळच्या माझ्या जागेवर आता दाजी बसतात म्हणे. देवा रे! बँकेत आयुष्य काढलेला माणूस, निवृत्तीनंतर छंद म्हणून दात बसवतो. त्यांनी केलेली ती शाळामास्तरणीची कवळी आठवते ना? समोरचे दोन दात भांडून माहेरी निघालेल्या जावांसारखे वेगवेगळ्या दिशेला. बाई बिचारी तोंडावर हात ठेवून शिकवायची. तुझा नवरा आहे म्हणून गप्प बसतो, नाहीतर बोललो असतो.

मला माझी जागा हवी, ताई. ती खिडकी, तो दिवा, बाबांची ती मेण कोरायची सुरी. दुसरं काही मागत नाही. दारू सोडली, ती काही या घरातल्या भाषणांनी नाही सोडली. त्या जागेसाठी सोडली. तेवढं तरी खरं मान.

गोळ्यांचं म्हणशील तर घेतोय. सकाळ-संध्याकाळ हेडमास्तर कपाटातून काढून देतात. देताना असं तोंड करतात, जसं काही मी त्यांच्याकडून अर्धी बाटली मागतोय. घेतो आणि बाकड्यावर बसतो. चहा बशीत सांडतो, तोही टेबलामुळेच. कंडक्टर म्हणतो, "टेबल बदलून घ्या की." बदलून काय होणार, सगळी एकाच सुताराची.

त्या मोठ्या डॉक्टरने बायपोलर असं नाव दिलं तेव्हा तू रडली होतीस. मी नव्हतो रडलो. आजाराला नाव मिळालं म्हणून कोणी रडतं का? कधी माणूस आभाळात, कधी विहिरीत, एवढंच तर ते. पण त्यावरची ही गोळी माणसाला धड आभाळात ठेवत नाही, धड विहिरीत नाही. ओट्यावर आणून बसवते. तिथे बसून करायचं काय, ते कोणी सांगत नाही.

धाकटा


११ मार्च

ताई,

बघ. अक्षर बघ आधी, मग वाच. मोत्याचे दाणे! टेबल मी स्वतः दुरुस्त केलं. पाय काढला, तासला, बसवला, आता हत्ती उभा केला तरी हलणार नाही.

दुसरी बातमी. मी खुर्चीवर बसतो आता.

सांगतो कसं ते. गेल्या महिन्याच्या शेवटी हेडमास्तरांनी सकाळच्या बैठकीत माझ्याकडे बघून विचारलं, "हा कारागीर माणूस बाकड्यावर शोभतो का?" सगळे म्हणाले, नाही. मग त्यांनी कपाटातून माझं गोळ्यांचं पाकीट आणलं आणि माझ्या हातात दिलं. जबरदस्ती नाही हं. म्हणाले, "निर्णय तुमचा." मी मोरीपाशी गेलो, एकेक गोळी बोटाने दाबून बाहेर काढली आणि पाण्याबरोबर सोडून दिली. मागे टाळ्या. अशा टाळ्या की एखाद्याने नदीतून बुडणारं मूल काढावं. मूर्ख सगळे. टाळ्या कशाला वाजवायच्या त्यात? पण खरं सांगू, ऐकायला बरं वाटलं. कितीतरी वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. तू तर नाहीच.

एकट्या कंडक्टरने वाजवल्या नाहीत. बाकड्यावर बसून आपल्या हातांकडे बघत राहिला. नंतर मला म्हणाला, "साहेब, बस उतारावर असली की ब्रेक काढून कोणी टाळ्या वाजवतं का?" मी म्हटलं, तू तुझी तिकिटं फाड.

तुझी अट मोडली, माहीत आहे. पण अटी कशासाठी असतात? माणूस नीट राहावा म्हणून ना? मग बघ की मी कसा आहे! सकाळी सगळ्यांच्या आधी उठतो. झाडू मारतो, नळ दुरुस्त करतो, स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. हेडमास्तर पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "गोळी सुटली आणि माणूस उजळला." त्या माणसाची बुद्धी गुडघ्यात आहे, पण हे एक त्याला बरोबर दिसलंय.

काल मेणबत्तीच्या मेणाचा गोळा घेतला आणि घरातल्या बोथट सुरीने एक दात कोरला. वरचा, समोरचा, डावीकडचा. कडेला किंचित झिजलेला, चाळिशीतल्या माणसाचा असतो तसा. ताई, सुरी अशी चालली की बाबा असते तर पाठीवर थाप मारली असती. थाप मारणारे नव्हते ते, पण मारली असती.

दाजींना सांग, खिडकी पुसून ठेवा. मी येतोय.

तुझा धाकटा


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, तार. 'अक्षर फार चांगलं आलंय. गोळ्या पुन्हा सुरू कर. आजच.' झालं! एवढा दात कोरल्याचं लिहिलं, नळ लिहिले, त्याचं काही नाही. अक्षर चांगलं आलं म्हणून भावाला गोळ्या खायला सांगणारी बहीण जगात तू एकटीच असशील.

आणि तू हेडमास्तरांना फोन केलास. मला कळलं. त्यांनीच बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाले, "घरच्यांना आपला माणूस आजारीच हवा असतो, म्हणजे त्याला ताब्यात ठेवता येतं." मी टाळी वाजवली. त्यांच्या तोंडून शहाणपणाचं वाक्य क्वचितच निघतं, पण हे निघालं. तुला मी आजारी हवा आहे. बरा झालो तर खिडकी सोडावी लागेल, दाजींना पुन्हा पेपर वाचत बसावं लागेल, आणि लोक म्हणतील, हिने उगाच भावाला मोज्यांच्या कारखान्यात टाकलं!

तुझी कीव येते. खरंच. दुकानात बसून डॉक्टरांचे फोन घेणं, निरोप देणं, डबे भरणं, यापलीकडे तुला काय येतं? बाबांनी सुरी माझ्या हातात दिली होती, तुझ्या नाही. ते तुला अजून सलतं. सलू दे.

माझ्याकडे आता तुझ्या दुकानापेक्षा मोठी योजना आहे. या घरात नजर टाक. एकाच्याही तोंडात बत्तिशी नाही. दारूने, मारामाऱ्यांनी, विड्यांनी सगळ्यांचे जबडे ओसाड पडलेत. यांना भाषणं देऊन काय उपयोग? माणसाला हसता आलं पाहिजे, चावता आलं पाहिजे, मग तो पिणार नाही. इतकं साधं आहे आणि एकाही डॉक्टरच्या डोक्यात येऊ नये? मी सगळ्यांना दात करून देणार. सगळ्यांना! इथून सुरुवात, मग दुसऱ्या केंद्रांत. मागच्या अंगणात भिंतीच्या डागडुजीसाठी प्लास्टरची पोती पडून आहेत. साचे मीच वाकवतोय, डब्याच्या पत्र्याचे. झोपेची गरजच उरली नाही, इतकं काम आहे.

हेडमास्तरांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या माणसाचे डोळे कशानेही भरून येतात.

तुझा भाऊ (धाकटा नाही आता)


२८ मार्च

ताई ताई ताई

घाईत आहे. बाहेर उजाडतंय, अंगणात पत्रे कापून ठेवलेत, सोळा साचे झाले, बोटं कापली पण रक्त थांबलं. पहिला मान कंडक्टरला. तो नको नको म्हणत होता. मी विचारलं, तू तरुणपणी शीळ घालून बस सोडायचास ना? म्हणाला, हो, दोन बोटं तोंडात घालून, अख्खा डेपो मागे वळून बघायचा, आता दात नाहीत तर नुसती हवा जाते. मी म्हटलं, तुझी शीळ मी तुला परत देतो. म्हाताऱ्याने दोन बोटं ओठांना लावून बघितली. मग म्हणाला, तुम्ही एवढं म्हणता तर घ्या माप.

माझ्यावर विश्वास ठेवणारा एक तरी माणूस आहे!! तू बघ आणि शीक.

हे भिंतीचं प्लास्टर आहे म्हणून काय झालं. प्लास्टर ते प्लास्टर. ज्यांना हात नाही त्यांना भारी माल लागतो. बाबा उगाच घाबरायचे. बाबांना फार कमी माहीत होतं, हे मला आता दिसतंय, सगळ्यांनाच फार कमी माहीत आहे, मला दया येते तुम्हा सगळ्यांची

नाश्त्यानंतर करतोय


१९ एप्रिल

ताई,

इस्पितळातून लिहितोय. तुला सगळं कळलेलं असणारच, पण माझ्या हातचं तुझ्याकडे असावं.

प्लास्टर गरम होतं हे आपल्या दुकानातला झाडूवालासुद्धा सांगेल. ते दाताच्या मागच्या खाचेत शिरलं की अडकतं, म्हणून तोंडात दात असलेल्या माणसाचं माप त्याने घेत नाहीत, हेही. मी ते वर्षानुवर्षं लोकांना शिकवलंय. त्या दिवशी मला ते माहीत होतं आणि त्याचं काहीच वाटत नव्हतं. माझा हात लागला की माल ऐकतो, अशी माझी खात्री होती.

प्लास्टर भरलेला पत्र्याचा साचा त्याच्या टाळूला दाबला आणि धरून ठेवला. त्याने माझं मनगट पकडलं. मी म्हटलं, थांब, आता होतंय. जास्तीचं प्लास्टर मागे घशाकडे गेलं. त्याचे ओठ निळे झाले तरी मी धरूनच होतो, ताई. मी हसत होतो म्हणे. हेडमास्तरांनी मला ढकलून पाडलं, त्याच्या घशात बोटं घातली आणि लगदा बाहेर ओढला. त्या गाढवाने त्याचा जीव वाचवला. माझ्या गोळ्या मोरीत सोडायला लावल्या त्यानेच, आणि माझ्या हातून खून होऊ दिला नाही तोही त्यानेच. आता त्याच्याबद्दल काय मत ठेवायचं ते मला ठरवता येत नाही. त्याचाही राग येतो.

उरलेलं इस्पितळात कापून काढलं. त्याबरोबर ते दोन दातही आले.

पुढचं मला तुटक आठवतं. मी डॉक्टरांना अडाणी म्हटलं, नर्सला मोलकरीण म्हटलं, मला बांधावं लागलं. मग इंजेक्शनं, मग झोप, खूप झोप. आणि आता हा ओटा. तोच तो जुना ओटा.

एकदा जागा झालो तर माझी नखं कापलेली होती. बाबा कापायचे तशी, अगदी मांसाला लागून, मेण अडकू नये म्हणून. नर्सला विचारलं. ती म्हणाली, "एक बाई आल्या होत्या. नेलकटर मागितलं, आम्ही दिलं, तर ते बोथट आहे म्हणून आम्हालाच रागावल्या." म्हणजे तूच. मला उठवलं का नाहीस? की उठलो असतो तर पुन्हा छान बोललो असतो, याची भीती वाटली?

हेडमास्तर काल येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर बसले होते. म्हणाले, "तुमचं मन घट्ट नव्हतं, आमच्या लक्षात आलं नाही." मी भिंतीकडे तोंड केलं. जाताना मात्र त्यांनी माझं लघवीचं भांडं उचलून धुऊन आणलं, कोणी सांगितलं नव्हतं. हा माणूस स्वतःची धड शिसारीही येऊ देत नाही.

मला काही विचारू नकोस अजून.

धाकटा


९ मे

ताई,

हे पत्र घेऊन येणारा माणूस कंडक्टर आहे. त्याला बसव. गर्दीत त्याला धडधडतं, म्हणून पुढच्या खोलीत नको, आत बसव. बोळकं उघडायला सांग आणि तूच माप घे. टाळूवर अजून लालसर आहे, जपून. तुला मापं घेता येतात, मला माहीत आहे. बाबा नसताना तूच घ्यायचीस आणि मी माझं म्हणून सांगायचो. दाजींना त्याच्या तोंडाला हात लावू देऊ नकोस. त्या माणसाने आधीच पुरेसं भोगलंय.

तो माझ्यावर रागावलेला नाही. मला त्याचाच जास्त त्रास होतो. मी म्हटलं, दोन शिव्या तरी दे. तर म्हणाला, "शिव्या द्यायला दात लागतात, साहेब. बसवून आलो की देतो."

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितली नाही. तुला नाही, बाबांना नाही, एकाही डॉक्टरला नाही, गेल्या आठवड्यापर्यंत.

इथे एक डॉक्टरीण आहे. तरुण, केस कायम विस्कटलेले, चहाचा डाग पडलेला कोट. तिला बघून मी म्हटलं होतं, ही काय माझं डोकं बघणार, स्वतःचं तरी विंचरते का? तिने माझ्यासमोर कागद ठेवला आणि म्हणाली, एक गोल काढा. पेन उचललं आणि कागदावर सुरवंट चालला. तिने विचारलं, हे कधीपासून? मी नेहमीचं उत्तर दिलं, दारूमुळे. तर म्हणाली, "दारू सोडून तुम्हाला बरेच महिने झाले. मध्ये गोळ्या बंद होत्या तेव्हा हात कसा होता?"

तिथे मी तिला खरं सांगून टाकलं.

हात गोळीने कापतो, ताई. पहिल्यापासून. त्या मोठ्या डॉक्टरने गोळी सुरू केली आणि थोड्याच दिवसांत माझ्या हातातली सुरी थरथरायला लागली. मेणात दात बसवायला गेलो की दात तिरका. बाबा समोर बसलेले. त्यांच्या तोंडी एकच असायचं, हात गेलेला कारागीर म्हणजे नुसता पोसायचा माणूस. मग एका सकाळी दुकानात यायच्या आधी एक पेला घेतला, आणि हात दगडासारखा स्थिर. तिथून सुरू झालं. पुढे एका पेल्याने भागेना. दारूत गोळी चुकायची, गोळी चुकली की आभाळ, आभाळातून पडलो की विहीर, विहिरीत पुन्हा दारू. आणि तुम्ही सगळे म्हणायचात, बघा, पितो म्हणून हात कापतो. मी तसंच म्हणू दिलं. दारुडा म्हटलेलं मला चालत होतं. हात गेला म्हटलेलं चाललं नसतं. मरण आलं तरी चाललं नसतं.

म्हणून त्या गोळ्या मोरीत सोडल्या. हेडमास्तरांची टाळी नि खुर्ची, ते सगळं ठीक आहे, पण त्यांच्या भाषणाला भुलण्याइतका मी खुळा नाही. मला हात परत हवा होता.

डॉक्टरीण ऐकून घेत होती आणि मग चक्क चिडली. म्हणाली, "हे आधी सांगितलं असतं तर? रक्त तपासून डोस बघता येतो, थरथर कमी करायलाही औषध असतं. कवळी बनवणारा माणूस हाताचं सांगत नाही म्हणजे काय!" मी म्हटलं, बाई, तुमच्याआधी मला एकानेही गोल काढायला सांगितला नाही. त्यावर तिने ते माझ्या कागदावर लिहून घेतलं. तेवढं समाधान मला घेऊ दे.

ती म्हणते, थरथर कमी होईल. पूर्ण जाईल असं म्हणत नाही. खोटं बोलत नाही म्हणून राग येतो तिचा. म्हणजे बाबांची सुरी कदाचित पुन्हा माझ्या हातात येणार नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तेव्हा खिडकी राहू दे. प्लास्टरच्या खोलीत जागा असेल तर सांग. भुकटी, पाणी, ढवळणं. त्याला हात थोडा हलला तरी चालतो, हललेलाच बरा. नाही म्हणालीस तरी समजेन. मी असतो तर माझ्यासारख्याला प्लास्टरच्या जवळपासही फिरकू दिलं नसतं. दाजी मला रोज बघून हसतील, तेही सोसेन. पण ते मास्तरणीचे दात कोणीतरी पुन्हा बसवा, देवासाठी.

गोळी घेतोय. तू नाही म्हणालीस तरी घेणार आहे. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, मी फार छान बोलतो. अक्षर बघ. प्रत्येक ओळ बघ, कशी आली आहे ती.

टेबल कधीच डुगडुगत नव्हतं.

तुझा धाकटा